तीन तारा, चार शिखरं

स्कॉटलंडच्या ग्लेन नेव्हिस दरीतली घळ संपली की नदीवर पूल म्हणून तीन तारा. एक पायाखाली, दोन हातांना. समोर १२० मीटरचा स्टॉल धबधबा. मग मामोर्स डोंगररांगेतले चार मन्रो, म्हणजे ३००० फुटांवरची शिखरं. डोंगरात पळते खरी, पण चढावर पळण्याचा आव मी आणत नाही. गुडघ्यांवर हात ठेवून चालते. डेव्हिल्स रिजच्या अरुंद धारेवर तर चक्क हात टेकले. दोन्हीकडे कडा, वारा आडवा, लाज कसली?

शेवटचं स्गुर अ वाइम, १०९९ मीटर. माथ्यावरचा पांढरा क्वार्ट्झाइट खडक लांबून बर्फच वाटतो. सिंहगडावर तयार झालेल्या माझ्या घोट्यांना तिथली घसरडी खडी अजिबात मानवली नाही. उतार तर संपता संपेना. खिशातली राजगिऱ्याची चिक्की मात्र एनर्जी जेलपेक्षा शंभरपट भारी!