जुन्या डिस्कचं नाव

१ ऑगस्ट २०२०, शनिवार. रात्री साडेअकरा.

काल संध्याकाळी अपडेट मारले आणि मशीन बंद केलं. आज सकाळी चालू केलं तर काळा पडदा. वर 'सिंबॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे मशीन चालू झाल्यावर लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम; तोच अडकला होता. पोटात गोळाच आला. बाबांचे सगळे फोटो स्कॅन करून याच मशीनवर ठेवलेत. आईनं दारातूनच विचारलं, "फोटो गेले का रे?" मला पटकन काही बोलताच येईना.

'एलएस', म्हणजे काय काय आहे ते दाखवायची कमांड, टाइप केली. दोन्ही डिस्क आणि त्यांची पार्टिशनं, म्हणजे त्यांचे पाडलेले भाग, समोर आले. जीव भांड्यात पडला. "सगळं आहे गं, फक्त सुरू होत नाहीये."

दुपारभर कारण शोधत होतो. माझ्या जुन्या, बायोसवाल्या (जुन्या पद्धतीनं सुरू होणाऱ्या) मशीनमध्ये ग्रब एका जागी नसतो. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातल्या जेमतेम ४४६ बाइटांत त्याचा पहिला तुकडा. त्याच्यामागे, पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागेत, गाभा. उरलेली मोड्यूलं, म्हणजे गाभ्याला लागेल तशी जोडली जाणारी तुकड्यातुकड्यांची भर, बूटच्या फोल्डरात. गाभा आणि मोड्यूलं एकाच व्हर्जनची हवीत. तीनच दिवसांपूर्वी, २९ जुलैला, ग्रबमधली बूटहोल नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली. ती बुजवताना ग्रबमध्ये मेमरी मागायचं हे कॅलॉक फंक्शन आलं. माझी मोड्यूलं नवी झाली, गाभा राहिला जुना. मोड्यूल ज्याला हाक मारतंय, ते गाभ्यात नाहीच.

पण गाभा जुना राहिलाच का? हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. गेल्या दिवाळीत सिस्टिम हार्डडिस्कवरून एसएसडीवर क्लोन केली आणि हार्डडिस्क पुसून फोटोंसाठी ठेवली. ग्रब कुठे बसवायचा, त्या नोंदीत मात्र अजून हार्डडिस्कचंच नाव. अपडेटनं इमानेइतबारे ग्रब तिथेच बसवला. एररही आली नाही, येणार तरी कशी? मशीन सुरू होतं एसएसडीवरून, आणि तिच्यावरच्या गाभ्याला कुणी हातच लावला नव्हता.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू केलं, एसएसडीचं पार्टिशन माउंट केलं, म्हणजे वापरायला जोडून घेतलं, आणि सीएच-रूट करून आत गेलो, म्हणजे पुढच्या कमांड एसएसडीवरच्या सिस्टिममध्येच चालतील असं केलं. ग्रब बसवणाऱ्या ग्रब-इन्स्टॉल कमांडनं उलट मलाच विचारलं, डेव्ह (डिस्कसारखी उपकरणं जिथे दिसतात ते फोल्डर) माउंट केलंय का? बरोबर होतं त्याचं, घाईत राहिलं होतं. बाहेर येऊन डेव्ह, आणि सिस्टिमची माहिती देणारी प्रोक आणि सिस, अशी तिन्ही फोल्डरं आत जोडून दिली. कमांड देण्याआधी डिस्कची साइझ तीनदा ताडून पाहिली: २४० जीबीची एसएसडी, १ टीबीची फोटोंची. या पायरीला घाई नकोच. एंटर दाबलं. 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.'

तिथेच थांबलो असतो तर ग्रबच्या पुढच्या अपडेटला पुन्हा हेच. म्हणून ग्रबच्या पॅकेजला 'ग्रब कुठे बसवायचा' हा प्रश्न परत विचारायला लावला, हार्डडिस्कवरची खूण काढली, एसएसडीवर केली.

सात वाजता मेनू आला. आईला खुर्ची दिली. बाबांचा वाड्याच्या ओट्यावरचा, नव्या सायकलसोबतचा फोटो तिनं उघडायला लावला आणि बराच वेळ पाहत राहिली.

झोपण्याआधी कॅबिनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: 'बूट एसएसडीवरून', तिच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे, आजची तारीख.