तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फोटो एडिट केलाय ना?’

पक्ष्याचा फोटो दाखवला की हा प्रश्न ठरलेला. विचारण्याचा सूर असा, की मी काहीतरी लपवते आहे. म्हणून एकदा नीट सांगते.

हो, केलाय. प्रत्येक फोटो एडिट केलेला असतो, तुमच्या मोबाइलमधलासुद्धा. रंग किती गडद, कडा किती धारदार, हे तिथे फोन परस्पर ठरवतो. मी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये फोटो काढते, त्यामुळे ते मला ठरवावं लागतं, आणि त्याची सुरुवात जागेवरच होते. स्वर्गीय नर्तकाचा नर घ्या. अंग आणि लांब शेपटी पांढरीशुभ्र, डोकं काळं, आणि बसणार गर्द सावलीत. कॅमेरा ती सगळी सावली मोजून उजेड वाढवतो आणि पांढरी पिसं जळतात. एकदा पूर्ण जळलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून मी एक्सपोजर एखादा स्टॉप खाली ठेवते, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड साधारण निम्माच घेते. कॅमेऱ्यावर फोटो काळपट दिसतो. घरी येऊन सावल्या उचलते, पांढऱ्याला हात लावत नाही. ही फसवणूक असेल, तर डोळ्यांनी जे पाहिलं ते दाखवायचं कसं, हे तुम्हीच सांगा.

पूर्वी मी क्रॉपसुद्धा, म्हणजे फोटोच्या कडा कापणंसुद्धा, करायचे नाही. ‘जे मिळालं तेच खरं’ असं लोकांना बजावायचे. ते म्हणणं सुटलं ते एका ओढ्याकाठी. पुण्यापासून फार लांब नाही. जागा सांगणार नाही.

पावसाच्या तोंडावर तिथे स्वर्गीय नर्तकाचं घरटं होतं. बारीक फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली छोटी वाटी. या पक्ष्यांत नर-मादी दोघंही अंडी उबवतात. नर बसला की शेपटी वाटीबाहेर लोंबत राहते. त्या दृश्यासाठी गर्दी झाली होती. मी पोचले तेव्हा घरट्यावर ऊन होतं. तिथे ऊन पडायलाच नको होतं. वर पाहिलं तर दोन फांद्या कापलेल्या, तिरक्या, ताज्या. पानं खाली पडलेली, अजून हिरवी. घरटं आता उन्हाला उघडं होतं आणि घरटी लुटणाऱ्या टकाचोर पक्ष्याच्या नजरेलाही. मादी बसली होती, चोच उघडी, धापा टाकत.

मी बोलले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, हेही सांगितलं. त्यांच्यातले एक वयाने मोठे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “ताई, तुम्ही ती फांदी घरी बसून कॉम्प्युटरवर काढता. आम्ही इथे काढली. आमचा फोटो तुमच्यापेक्षा खरा.”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. कॅमेरा बॅगेतून न काढताच परत आले. काही दिवसांनी कळलं, घरटं रिकामं आहे. उन्हाने, टकाचोराने की आणखी कशाने, मी सिद्ध करू शकत नाही. तो फोटो मात्र सगळीकडे फिरला. मागे स्वच्छ हिरवा रंग, एक काडी आडवी नाही. खाली लिहिलं होतं, ‘एडिटिंग नाही’. आणि ते खरं होतं.

तेव्हापासून तुमचा प्रश्न मला अपुरा वाटतो. एडिट केलाय का, हे जरूर विचारा. पण फांदी कापली का, रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बाहेर बोलावला का, भिगवणच्या पाण्यावर उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात घातली का, हे कुणी विचारत नाही. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा आपोआप नोंदवतो त्या माहितीत, शटर, आयएसओ, लेन्स सगळं सापडतं. हे सापडत नाही.

तरी त्या गृहस्थांचं बोलणं पुरतं खोडता येत नाही. पक्ष्याच्या डोळ्यावर आलेली गवताची काडी मी काढत नाही, पण कोपऱ्यातली फांदी क्रॉप करून फ्रेमबाहेर घालवते. दोन्हींत नेमका फरक काय? नॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोवर येणारे दाणे, काढणारी नवी सॉफ्टवेअर आयएसओ ६४०० सारख्या चढ्या सेटिंगवर काढलेल्या फोटोतही पिसाची रेघन्‌रेघ दाखवतात. त्यातली प्रत्येक रेघ पक्ष्याच्या अंगावर होती का, मला ठाऊक नाही. मी ती वापरते, अर्ध्या जोरावर ठेवून, आणि फोटोखाली तसं लिहिते. अर्धंच का, याचं पटण्यासारखं कारण अजून माझ्याकडे नाही.