सील तीनदा बदलले, गळती तशीच: बुलेटच्या फोर्कचा अनुभव

वडिलांनी घेतलेली १९७८ सालची बुलेट ३५० आमच्या कोथरूडच्या इमारतीखाली उभी असते आणि तिच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांपैकी डाव्या पायातून गेली चार वर्षे तेल गळत होते. या काळात तीन वेगवेगळ्या गॅरेजांमध्ये ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलून झाले. प्रत्येक वेळी महिना-दोन महिने बरे गेले आणि मग एखाद्या सकाळी फरशीवर पुन्हा तोच रुपयाएवढा काळा डाग दिसला. प्रश्न डागापुरताच असता तर मी खाली पुठ्ठा सरकवून गप्प बसलो असतो. पण तेल ओघळत ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोहोचले, चांदणी चौकाच्या उतारावर पुढचा ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी धरेना, आणि त्याच संध्याकाळी फोर्क स्वतः उघडायचे मी ठरवले.

बुलेटची जुळणी १९५५ साली मद्रासमध्ये सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षे तिच्या मूळ रचनेत फारसा फरक पडला नाही. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या इंग्रजी मॅन्युअलची छायाप्रत माझ्या गाडीलाही जवळजवळ अक्षरशः लागू पडते. या फोर्कचे वैशिष्ट्य असे, की आतला मुख्य पाइप वर हेडलाइटच्या केसिंगमध्ये आट्यांनी बसवलेला असतो, खाली तो टीच्या, म्हणजे दोन्ही पाय जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या, क्लॅम्पमधून जातो आणि त्याच्यावरून खालचा भाग, ज्याला आपले मेकॅनिक बॉटम म्हणतात, वरखाली सरकतो. स्प्रिंग वजन पेलते आणि तेल त्या स्प्रिंगला आवर घालते. सील बॉटमच्या तोंडाशी, आट्यांनी बसणाऱ्या एका गोल घरात असते. या सगळ्यावर पत्र्याचे झाकण येत असल्याने पाइपचा जो भाग सीलमध्ये घासतो तो बाहेरून दिसतच नाही. माझ्या चार वर्षांच्या गळतीचे मूळ या झाकणाखाली होते.

चाक आणि मडगार्ड काढणे सोपे गेले. बॉटमच्या खालचा नट सोडून आतला स्टड लाकडी हातोडीने वर ठोकला, तेव्हा डाव्या पायातून जेमतेम साठ मिली तेल निघाले आणि उजव्यातून त्याच्या तिपटीहून अधिक. दोन्हीकडचे तेल राखाडी, गढूळ, तळाशी चिखलासारखा गाळ असलेले होते. दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्यावर डावी चांगली सहा मिलिमीटर आखूड भरली. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला का झुकते, याचे उत्तर तिथेच मिळाले. मी ते इतकी वर्षे टायरच्या माथी मारत होतो.

पाइप केसिंगमधून सोडवणे हे या कामातले सर्वांत कष्टाचे प्रकरण ठरले. वरच्या प्लगच्या जागी एक षटकोनी हत्यार बसवून पाइप आतून फिरवावा लागतो आणि ते हत्यार आता सहज मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी जुन्या प्लगवर मोठा नट वेल्ड करून ते बनवून दिले आणि देताना बजावले, “साहेब, पाइप पाना लावायचा मोह झाला, तर आधी मला फोन करा.” मोह झालाच. टीच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून, फटीत हलकी पाचर मारून, आट्यांवर दोन दिवस डिझेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी उजवा पाइप एकदम कड् आवाज करून सुटला आणि डावा त्यानंतर तासाभराने. डाव्या पाइपच्या वरच्या अंगाला पान्याच्या दातांचे जुने वण स्पष्ट उमटलेले होते. म्हणजे माझ्याआधी कोणीतरी त्या मोहाला बळी पडले होते.

डावा पाइप रॉकेलने धुऊन खिडकीशी नेला आणि बोट फिरवले. जिथे सील घासते त्या पट्ट्यात, पुढच्या अंगाला, खसखशीच्या दाण्याएवढे सात-आठ खड्डे होते आणि त्यांच्या कडांचे क्रोम उचकटलेले होते. पावसाळ्यात महिनोन् महिने गाडी एकाच जागी उभी राहिली की सीलच्या कडेशी साचलेला ओलावा क्रोमखाली गंज धरतो. अशा पाइपवर सील कितीही नवे आणि चांगले असले, तरी त्या कडा त्याची ओठाळी, म्हणजे पाइपला टेकणारी पातळ कड, थोडी थोडी कापत राहतात. तिन्ही गॅरेजांनी सील बदलले होते, पण पाइपवरून बोट कोणी फिरवले नव्हते; ते शिकायला चार वर्षे लागली याचे मला अजूनही वैषम्य वाटते.

पाइप वाकलेला नाही ना, हे पाहण्यासाठी जुन्या टेबलाची जाड काच वापरली. त्यावर पाइप लोटला, मागे बॅटरी धरली. दोन्ही पाइपांखालून उजेडाची फट कुठेही वरखाली झाली नाही. नाना पेठेत नव्या पाइपांची जोडी मिळत होती, पण दोन दुकानांत पाहिलेल्या जोड्यांचे आटे माझ्या जुन्या प्लगवर अडकत होते, म्हणून जुने पाइपच हार्ड क्रोम करायचे ठरवले. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आधी पाइप ग्राइंड करून खड्डे काढले, मग जाड क्रोम चढवले आणि पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणले. यात सोळा दिवस गेले आणि खर्च नव्या जोडीच्या आसपासच आला. काटकसर म्हणून हा मार्ग कोणाला सुचवणार नाही.

पाइप तिकडे असताना स्टिअरिंगचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्या छर्‍यांवर फिरते तो भाग, उघडला. मॅन्युअलप्रमाणे वरच्या आणि खालच्या वाटीत पाव इंची छर्रे एकोणीस-एकोणीस असायला हवेत. खालच्या वाटीत सतराच निघाले. सगळेच नवे घेतले आणि घट्ट ग्रीसमध्ये चिकटवून बसवले.

जुळणीत चूक माझीच झाली. पाइपच्या खालच्या टोकाला बाहेरून आटे असतात आणि सीलचे घर त्यांच्यावरूनच वर चढवायचे असते. मॅन्युअल म्हणते, की त्यासाठी आट्यांवर टोपी घालावी. मी मात्र सीलला तेल लावून हलक्या हाताने ते सरकवले आणि भागले असे समजलो. नवे बुश, व्हॉल्व्ह, स्प्रिंगांची नवी जोडी, बॉटम, सगळे बसवून, तेल भरून रात्री दोन्ही पायांखाली वर्तमानपत्र पसरले. सकाळी उजव्या पायाखालच्या छोट्या जाहिराती तेलात भिजलेल्या होत्या. सगळे पुन्हा उघडल्यावर सीलच्या ओठाळीवर नखाएवढी चीर दिसली. मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी चितळ्यांच्या दुधाची रिकामी पिशवी कापून, ग्रीस माखून आट्यांवर गुंडाळली. नवे सील तिच्यावरून लोण्यासारखे वर गेले. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे खाली ठेवायची, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

शेवटची गोष्ट बोल्ट आवळण्याच्या क्रमाची. टीचे क्लॅम्प आधीच आवळले तर पाइप एकमेकांना समांतर राहतीलच असे नाही आणि मग फोर्क मध्येच अडकतो. म्हणून चाक व एक्सल बसवून, एक्सल धरणाऱ्या खालच्या टोप्या हलक्या ठेवून, गाडी स्टँडवरून उतरवली, हँडल धरून दहा-बारा वेळा जोरात दाबली आणि फोर्क आपणहून जागेवर बसल्यावर मगच क्लॅम्प आणि टोप्या आवळल्या. तेल दोन्ही पायांत मापाच्या नळीने सारखे मोजून भरले होते.

कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. पूर्वी गतिरोधकावरून उतरताना होणारा धातूचा ठणका गेला होता आणि घरी येऊन सीलच्या घराच्या कडेने रुमाल फिरवला तर तो कोरडा निघाला. ब्रेकचे लायनर मात्र बदलावेच लागले, कारण तेल प्यालेले लायनर पेट्रोलने कितीही धुतले तरी घाटात तापले की पुन्हा पाझरू लागतात. ते मी आधीच बदलायला हवे होते. परतीच्या उतारावर निम्म्या वाटेपर्यंत मागच्या ब्रेकवरच आलो.