ब्रेक सोडायला शिकताना

या फेब्रुवारीत कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर मी माझ्या जुन्या पेट्रोल स्विफ्टने १ मिनिट ३१.४ सेकंदांत एक फेरी पूर्ण केली. चार वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर, याच गाडीने, माझी पहिली नोंदवलेली वेळ १ मिनिट ४१.८ सेकंद होती. सोलापुरात ओळखीच्यांना हे आकडे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंजिनात काय केलंस?" इंजिनात काहीही केलेले नाही. १.२ लिटरचे ते इंजिन कंपनीतून जसे आले तसेच आहे; बदलले ते टायर, ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल, आणि या तिन्हींनी मिळून दहा सेकंदांपैकी फार तर तीन दिले असतील असा माझा अंदाज आहे. उरलेले सात कुठून आले हे नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते, कारण त्यांतले पहिले पाच आठ महिन्यांत आले आणि शेवटच्या दोनांना तीन वर्षे लागली.

माझा व्यवसाय सुताचा. टॉवेल आणि चादरींच्या यंत्रमागांना लागणारे सूत तमिळनाडूतल्या गिरण्यांकडून आणायचे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांना पुरवायचे, हे वडिलांच्या काळापासून चालत आले आहे, त्यामुळे कोइम्बतूरला वर्षातून दोन-तीन खेपा होतातच. चेट्टिपाळयम येथील २.१ किलोमीटरचा तो ट्रॅक ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते एस. करिवर्धन हेही कोइम्बतूरच्या लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले. गिरणीमालकांच्या घरात जन्मलेल्या या माणसाने मारुतीचे इंजिन वापरून एक-आसनी रेसिंग कार तयार केली, तिच्यावर देशातल्या अनेक चालकांचे हात तयार झाले, आणि १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. सुताच्या धंद्यातल्या माणसाला गाड्यांचे वेड लागू शकते याचा एवढा भक्कम दाखला हाताशी असल्यामुळे घरी बाजू मांडणे मला सोपे गेले. आईचा आक्षेप मात्र वेगळाच होता. "हजार किलोमीटर जायचं, तिथं गोल गोल फिरायचं आणि परत यायचं," ती म्हणाली, "त्यापेक्षा अक्कलकोटला जाऊन प्रदक्षिणा घाल, पुण्य तरी लागेल."

ट्रॅक-डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर नेऊन चालवता येण्याचा दिवस, ही शर्यत नव्हे, हे तिला आणि इतरांनाही समजावून सांगावे लागते. वीस-वीस मिनिटांच्या सत्रांत गाड्या सोडल्या जातात, पुढच्या चालकाने हात दाखवून वाट दिल्याशिवाय आणि तीही सरळ पट्ट्यावरच दिल्याशिवाय कोणी कोणाला ओलांडत नाही, मार्शलने पिवळे निशाण दाखवले की वेग कमी करायचा आणि लाल दाखवले की सावकाश परतायचे. टाइम ट्रायलमध्येही समोरासमोर झुंज नसते. प्रत्येकाची फेरी घड्याळाशी असते. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने जाण्यापूर्वी आपल्या विम्याच्या कागदांत वाचावी: खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते. गाडी ठोकली तर खर्च आपला, हे गृहीत धरूनच मी दर वेळी हेल्मेट डोक्यावर चढवतो.

पहिले पाच सेकंद स्वस्तात मिळाले. पहिल्या दिवशी शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने मला गाडी चालवण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगितले नाही. तो फक्त "पुढे बघा" म्हणत राहिला. माझी नजर बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर खिळलेली होती, जशी ती सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या गर्दीत असते आणि तिथे ती तशीच असायला हवी. ट्रॅकवर मात्र वळणात शिरण्यापूर्वीच वळणाचा आतला टोकाचा बिंदू, म्हणजे एपेक्स, आणि तिथे पोचण्यापूर्वी बाहेर पडण्याची जागा डोळ्यांनी पकडावी लागते. दुसरी गोष्ट रस्त्याची पूर्ण रुंदी वापरण्याची. समजा, टायरची पकड तीच आहे आणि आपण ४० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहोत. बऱ्या टायरवर ते साधारण ताशी ६८ किलोमीटरने घेता येईल. बाहेरच्या कडेने शिरून, आतल्या कडेला स्पर्श करून पुन्हा बाहेरच्या कडेला गेल्याने तीच त्रिज्या ५० मीटर झाली, तर ताशी ७५ किलोमीटर सहज मिळतात. म्हणजे पैसाही न खर्चता, धाडसही न करता, केवळ डांबराची जी रुंदी मी वाया घालवत होतो ती वापरल्याने वेळ कमी झाली. आठ महिन्यांत मी १:३६ च्या आसपास आलो आणि आपल्याला हे जमते असा गैरसमज करून घेतला.

त्यानंतरचे वर्ष-सव्वा वर्ष मी ब्रेक उशिरा मारण्यात घालवले. वेग वाढवायचा तर ब्रेक उशिरा मारायचा, हे इतके उघड वाटते की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी अंतर दाखवणाऱ्या पाट्या असतात. मी दर सत्रात ब्रेकची जागा वळणाकडे थोडीथोडी सरकवत गेलो आणि दर वेळी छाती धडधडली म्हणून ही फेरी वेगवान झाली असणार असे मानत गेलो. घड्याळ मात्र १:३५.९ आणि १:३५.६ यांच्यामध्ये घुटमळत राहिले.

याच काळात एका दुपारी पाचव्या फेरीत ब्रेकचे पेडल मऊ पडले, पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला टेकले, आणि भराभर दोनदा दाबून पंप करून गाडी कशीबशी हळू करत मी बाहेरच्या गवतात गेलो. चूक पूर्णपणे माझी होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो: डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलला किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळी येऊ नये असा दंडक आहे, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो, डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. माझे ऑइल चार वर्षांचे होते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी त्या बुडबुड्यांत जिरतो. शिवाय वेगाचा हिशेब वर्गाने वाढतो; ताशी १२० वरून थांबताना १०० च्या तुलनेत ४४ टक्के अधिक ऊर्जा डिस्क आणि पॅडना पचवावी लागते, आणि वीस मिनिटांत ती किती वेळा पचवायची याचा मी कधी विचारच केला नव्हता. सोलापूरला परतल्यावर विजापूर रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी चाक काढले, काचेसारखा चकचकीत झालेला पॅड हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "काय करलालाव मालक ह्याला?"

तेव्हापासून ऑइल डॉट ४, आणि तेही प्रत्येक खेपेपूर्वी बदललेले. शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता थंडपणे मारायची आणि उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, तर चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, हेही तेव्हाच अंगवळणी पडले. तापलेल्या ड्रमला घट्ट चिकटलेले ब्रेक शू सोडवण्यात एकदा अर्धे सत्र गेले होते.

खरा खुलासा झाला तो जीपीएसच्या आलेखावर. सुरुवातीला मी फोनवरचे ॲप वापरत होतो. पण फोनचे जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवते आणि ताशी १०० किलोमीटरला गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे ब्रेक नेमका कुठे लागला हे त्यातून कळणे अशक्य. सेकंदाला दहा नोंदी करणारे छोटे यंत्र घेतल्यावर तेच अंतर तीन मीटरवर आले. त्याच दिवशी माझ्यासारखीच स्विफ्ट घेऊन आलेले कोइम्बतूरचे एक साठीचे गृहस्थ माझ्यापेक्षा तीन सेकंदांनी वेगवान होते. त्यांनी आपली नोंद मला मोकळेपणाने दिली आणि आम्ही दोन्ही आलेख लॅपटॉपवर एकमेकांवर ठेवले. मुख्य पट्ट्याच्या शेवटी ते माझ्या आधी, तब्बल आठ मीटर आधी, ब्रेक लावत होते. माझ्या वेगाची रेषा विहिरीच्या कठड्यावरून दगड सोडावा तशी सरळ खाली जाई, तळाला टोकदार होई आणि तिथेच क्षणभर रेंगाळे. त्यांची रेषा ओढ्याच्या काठासारखी उतरत होती आणि तिचा तळ माझ्या तळापेक्षा बराच वर होता. वळणातून बाहेर पडताना त्यांचा वेग माझ्यापेक्षा ताशी चार किलोमीटरने जास्त होता.

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, कारण धंद्याची सवय. पाच मीटर उशिरा ब्रेक लावून फार तर दशांश सेकंद वाचतो. उलट ४०० मीटरचा सरळ पट्टा ताशी १०० ऐवजी १०३ च्या सरासरीने पार केला तर चार दशांश सेकंद वाचतात, आणि पट्ट्याच्या टोकापर्यंत तो फायदा निम्मा उरला तरी उशिरा ब्रेक लावण्याच्या दुप्पट होतो. सव्वा वर्ष मी एक रुपया मिळवण्यासाठी दोन रुपये मोडत होतो.

यामागचे कारण टायरवरच्या वजनात आहे. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि त्यांची पकड वाढते. टायरजवळ पकडीचे एकच भांडवल असते. ते थांबण्यासाठी वापरायचे, वळण्यासाठी वापरायचे की दोहोंत वाटायचे एवढेच आपल्या हाती असते. मी शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण जोराने ब्रेक दाबून मग पाय झटक्यात काढत असे आणि स्टिअरिंग फिरवत असे. पाय निघताच पुढच्या स्प्रिंगा उसळत, नाक वर येई, आणि ज्या क्षणी पुढच्या टायरांना वजन हवे त्याच क्षणी ते नाहीसे होई. गाडी वळण्याऐवजी पुढेच सरकत राही, ती वळेपर्यंत मी थांबून राही, आणि आलेखातला तो रेंगाळणारा तळ म्हणजे माझे हे थांबणे होते. वळत असताना, स्टिअरिंग जसजसे फिरेल तसतसा ब्रेक हळूहळू सोडत गेले की वजन पुढे टिकते. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, आणि ते मी पूर्वी वाचलेही होते. पण वाचलेले पायापर्यंत उतरायला आणखी दीड वर्ष गेले.

सराव सोलापुरातच केला, आणि तो रस्त्यावर वेगाने गाडी चालवून नव्हे. आईला दर गुरुवारी देवळात आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे न्यावे लागते. सिग्नलला थांबताना तिची मान पुढे-मागे झुकणार नाही अशा रीतीने ब्रेक सोडायचा, हा माझा अभ्यास होता. आपण सगळे गाडी पूर्ण थांबेपर्यंत पेडल तसेच दाबून ठेवतो आणि शेवटी तो हिसका बसतो; तो हिसका नाहीसा करण्यासाठी पेडल शेवटच्या दोन मीटरांत किती सावकाश वर येऊ द्यावे लागते हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आईला या अभ्यासाची कल्पना नव्हती. काही महिन्यांनी ती शेजारच्या काकूंना सांगत होती की पन्नाशी आली तेव्हा कुठे याला गाडी चालवायला यायला लागली.

ट्रॅकवर मात्र नव्या विद्येचा अतिरेक झालाच. एका वळणात मी ब्रेक इतका आतपर्यंत ओढत नेला की सगळे वजन पुढे आणि मागची चाके हलकी, अशी अवस्था झाली; गाडीचे शेपूट बाहेर निघाले, घाबरून मी पाय अॅक्सिलरेटरवर न ठेवता पेडलवरून पूर्ण उचलला, आणि स्विफ्ट अर्धी गिरकी घेऊन आलेल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. पुढच्या चाकांना मिळणारे वजन मागच्या चाकांकडून काढून घेतलेले असते, हे गणित मी त्या दिवशी उलट्या तोंडाने शिकलो.

आता प्रत्येक सत्राची नोंद मी दुकानातल्या लाल कापडी बांधणीच्या चोपडीत ठेवतो: वेळ, हवेचे तापमान, टायरमधील हवा थंड असताना आणि गरम झाल्यावर, आणि एका ओळीत काय बदलले ते. थंड असताना ३२ पीएसआय दाबाने भरलेली हवा चार-पाच फेऱ्यांनंतर ३८ होते, म्हणून पहिल्या फेरीच्या अनुभवावरून टायरबद्दल मत बनवू नये. सकाळच्या २२ अंशांपेक्षा दुपारच्या ३५ अंशांत हवा चार टक्क्यांनी विरळ होते आणि माझ्या बिनटर्बोच्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते, म्हणून सकाळची फेरी फक्त सकाळच्या फेरीशीच ताडून पाहायची. एका वेळी एकच बदल, हा नियम मी आमच्या कारखानदारांकडून उचलला आहे. मागाचा वेग वाढवला की पाळीचे उत्पादन वाढेलच असे नसते. धागा तुटून माग किती वेळा उभा राहतो यावर ते ठरते, आणि वेग व सूत दोन्ही एकाच दिवशी बदलले तर धागा कशामुळे तुटला हे कोणालाच सांगता येत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या दिवसाची सर्वांत चांगली फेरी १:३१.४ ची, पण ट्रॅकचे तीन भाग करून प्रत्येक भागातली माझी सर्वोत्तम वेळ एकत्र केली तर बेरीज १:३०.७ होते. हे सात दशांश सेकंद माझ्याकडून वेगवेगळ्या फेऱ्यांत निघालेले आहेत, फक्त एका फेरीत अजून एकत्र आलेले नाहीत. त्यांपैकी चार मधल्या भागात आहेत, जिथे एका वळणाचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असते आणि पहिल्या वळणातून बाहेर पडण्याची घाई मला दुसऱ्याच्या चुकीच्या कडेला नेऊन ठेवते. पुढची खेप पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या मालासाठीचे सूत भरायचे असेल तेव्हा. नवे पॅड आले आहेत आणि दुकानात सुताच्या कोनांच्या पेटीवर पडून आहेत. मिस्त्री म्हणाले, सोमवारी गाडी आणून लावा, आणि या वेळी जुने पॅड फेकू नका, अजून अर्धे शिल्लक आहेत.