सांडवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तालुक्याच्या वाचनालयात गेली 22 वर्षं मी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाशी बसते, आणि हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच: आयुष्यात दुःख काय कमी आहे, मग लोक रडवणारी पुस्तकं का मागतात? आणि तुम्हीसुद्धा तीच का वाचता?

मागतात, हे खरं. ‘मन भरून रडू येईल असं काहीतरी द्या,’ असं सांगणाऱ्या बायका येतात. पुरुष इतकं सरळ म्हणत नाहीत. ‘श्यामची आई’ नातवासाठी म्हणून नेतात आणि आठवड्याने परत देताना नजर चुकवतात.

मला याचं उत्तर पुस्तकाआधी जात्यापाशी मिळालं. माझ्या पाठचा भाऊ दहा महिन्यांचा असताना गेला. मी तेव्हा सहा वर्षांची. नंतर घरात त्याचं नाव निघत नसे. ‘किती धरून बसायचं’ म्हणत आजीने त्याची झबली, दुपटी सगळं वाटून टाकलं होतं. आईने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. पण पहाटे काकूबरोबर दळायला बसली की ती सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणायची. भरल्या दिवसांची सीता, उशाला दगड, रानात झालेली बाळं, जवळ माहेरचं कुणी नाही. म्हणता म्हणता तिचा गळा दाटायचा. मग काकू एकटीच खुंटा ओढत राहायची, काही बोलायची नाही, आणि थोड्या वेळाने आई पुन्हा सूर धरायची. सीतेसाठी रडणाऱ्या बाईला कोण अडवणार?

याच सीतेवर विदर्भातल्या भवभूतीने 8व्या शतकात ‘उत्तररामचरित’ लिहिलं. त्याच्या तिसऱ्या अंकात पंचवटीत आलेला राम शोकाने कोसळतो. सीता तिथेच आहे, पण त्याला दिसत नाही. तिच्यासोबत असलेली तमसा नदी म्हणते की, तळं पुराने तुडुंब भरलं की पाण्याला वाट काढून देणं हाच उपाय. शोकाने भरलेलं मनही विलाप करूनच तगतं. मी हे कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या गावच्या तलावाचा सांडवा आठवला. पावसाळ्यात तो वाहू लागला की माणसं निर्धास्त झोपतात. बांधाला धोका नाही.

दुसऱ्याचं मोठं दुःख पाहिलं की आपलं लहान वाटतं, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. सीतेचा वनवास गाऊन आईचं दुःख एका कणानेही लहान झालं नाही. त्याला फक्त दारातून बाहेर यायला मिळालं, तेही दुसऱ्याच्या नावाने. शिवाय गोष्टीतल्या दुःखापुढे आपल्याला काही करावं लागत नाही. डॉक्टर गाठायचा नसतो, पैशांची जुळवाजुळव नसते, आल्यागेल्याला चहा द्यायचा नसतो. खऱ्या मरणाच्या घरात हेच सगळं करता करता रडायचं राहून जातं. आईच्या तेराव्यापर्यंत मी याद्याच करत होते. रडले ती दोन महिन्यांनी, एका कादंबरीतली म्हातारी आपलं गाठोडं आवरते त्या पानावर.

पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जातं पडवीच्या कोपऱ्यात गेलं. ओव्याही थांबल्या. आईला अक्षरओळख नव्हती. रात्री भांडी घासून झाली की ती माझ्याजवळ येऊन बसायची. शाळेतून आणलेल्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणायची, “दुःखाची असंल ती वाच.” मी मोठ्याने वाचायची. मधेच ती माझ्या मनगटावर हात ठेवायची. मी थांबायची. चिमणीची वात फरफरायची.

“हं,” ती म्हणायची, “वाच आता पुढं.”