लिऑन: नकाशात न दिसणारा चढ

फ्रान्समधल्या लिऑनचं बुकिंग करताना पहिला घोळ नावातच होतो. ‘गार द लिऑन’ हे स्टेशन लिऑनमध्ये नाही, पॅरिसमध्ये आहे. दिल्ली दरवाजा जसा शनिवारवाड्याला असतो, तसंच. लिऑनकडच्या गाड्या तिथून सुटतात म्हणून ते नाव. हॉटेलच्या साइटवर ‘गार द लिऑनपासून पाच मिनिटं’ असं स्वस्तात काही दिसलं की आधी पत्त्यातला पिनकोड बघावा. ७५ ने सुरू होत असेल तर ते पॅरिस. लिऑनचे पिनकोड ६९००१ ते ६९००९, आणि शेवटचा आकडा म्हणजे वॉर्ड क्रमांक. ६९००२ म्हणजे दुसरा वॉर्ड, ६९००७ म्हणजे सातवा. एवढं कळलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

उरलेल्यांतून निवडताना मी सुरुवातीला सगळ्यांसारखंच केलं: मध्यवर्ती चौक धरला, जवळचं-लांबचं मोजलं. लिऑनमध्ये ही रीत फसते. गावातून दोन नद्या वाहतात, रोन आणि सोन. पश्चिमेला फुर्व्हिएरची टेकडी, उत्तरेला क्रवा-रूसची. क्रवा-रूसचं पठार खालच्या तेरो चौकापेक्षा ऐंशी-एक मीटर उंच आहे. नकाशावर सातशे मीटरवर दिसणारं घर म्हणजे प्रत्यक्षात जवळपास पर्वती चढण्याचा प्रकार, आणि हातात तेवीस किलोची बॅग. म्हणून या गावात अंतर शेवटी बघायचं. आधी बघायचं ते मेट्रो स्टेशन कुठलं आहे आणि ते घराच्या वर आहे की खाली.

सोबत आई-बाबा असतील तर माझ्या मते दोनच भाग डोळे मिटून घ्यावेत. एक म्हणजे दोन नद्यांमधली पट्टी, तिला प्रेस्कील म्हणतात. तिथे बेलकूर चौकाच्या दक्षिणेला एने नावाची शांत वस्ती आहे. सपाट रस्ते, आणि बेलकूरला मेट्रोच्या ए आणि डी या दोन्ही लाइन मिळतात. दुसरा भाग सहावा वॉर्ड, विशेषतः फॉश आणि मासेना या स्टेशनांच्या आसपासचा. पैसे थोडे जास्त जातात, पण तेत द’ऑर हे मोठं उद्यान चालत्या अंतरावर आहे.

पार-दिय या लिऑनच्या मुख्य रेल्वे स्टेशनाभोवतीची हॉटेलं देखणी नाहीत, काचेच्या इमारती आणि ऑफिसं. पण लिऑन हे कामाधंद्याचं गाव असल्यामुळे तिथले दर उलटे चालतात: सोमवार ते गुरुवार महाग, शुक्रवारी उतरतात, ऑगस्टमध्ये आणखी खाली येतात. शनिवार-रविवारपुरतं जायचं असेल तर हा सौदा चांगला. सातव्या वॉर्डातलं गियोतिएर स्वस्त आहे, गजबजलेलं आहे आणि आशियाई दुकानांत तांदूळ, डाळी, मसाले मिळतात. रात्री उशिरा तिथल्या मोठ्या चौकात टोळकी उभी असतात. खिसा-पाकीट सांभाळलं की पुरे, पण झोप हलकी असेल तर रस्त्याकडची खोली घेऊ नये. व्हिलरबान हे कागदोपत्री वेगळं गाव, पिनकोड ६९१००. पण ए लाइनवरच आहे, तेव्हा ‘लिऑन नाही’ म्हणून सोडू नका.

जुनं लिऑन मात्र सगळ्यांना मोहात पाडतं. सोन नदीकाठच्या त्या गल्ल्या १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. फिरायला उत्तम, राहायला त्रास. रस्त्यांना गोलसर दगड, त्यावर बॅगेची चाकं खडखडतात आणि एखादं निखळतंही. खाली खानावळी, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत आवाज. आणि जिने! किल्ल्याच्या बुरुजात असतात तसे गोल, दगडी, मधोमध झिजलेले, लिफ्टचं नाव नाही.

घर भाड्याने घेताना इमारतीबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. मजला कितवा: मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला शून्य, त्यावर पहिला. लिफ्ट आहे का: ‘आसांसर’ हा शब्द जाहिरातीत नसेल तर नाही असंच धरा. असली तरी जुन्या इमारतीत दोन माणसं किंवा एक माणूस नि एक बॅग, एवढीच मावतात. तिसरी गोष्ट एसी. जुलै-ऑगस्टमध्ये लिऑनचा पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि जुन्या घरांत पंखासुद्धा नसतो. ‘क्लिमातिझासियों’ लिहिलेलं शोधायचं.

क्रवा-रूसच्या घरांत एक चौथी गोष्ट येते, ती खास तिथलीच. हा रेशीम विणकरांचा भाग. १८०४ साली इथल्याच जॅकार्ड नावाच्या माणसाने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग बनवला. येवल्यात मागावर जे ‘जॅकार्ड’ बसवतात, ते नाव याचंच. पठारावरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. हे माग इतके उंच असत की विणकरांच्या खोल्यांची छतं जवळजवळ चार मीटरवर. आता माग गेले, आणि त्या उंचीत घरमालकांनी लाकडी पोटमाळे टाकलेत. फोटोत ‘दोन बेडरूम’ दिसतं, त्यातली एक बऱ्याचदा हा पोटमाळा असते: वर गादी, बसलं की डोकं तुळईला लागतं, चढायला उभी शिडी, आणि संडास खाली. तरुणांना मजा, गुडघेदुखीवाल्यांना शिक्षा. फोटोत खोलीच्या कोपऱ्यात शिडी दिसतेय का, ते मोठं करून बघा.

बुकिंग व्हिसाच्या आधी करावं लागतं, कारण अर्जात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा मागतात. म्हणून फुकट रद्द करता येईल असंच घ्यायचं आणि पावतीवर सगळ्या प्रवाशांची नावं येतील असं बघायचं. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्यांनी स्वहस्ते लिहिलेलं पत्र पुरत नाही. त्यांना तिथल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासियों दाक्य’ नावाचा कागद काढावा लागतो, ३० युरोचं तिकीट लावून. त्याला वेळ लागतो, तेव्हा आधी सांगून ठेवा. शिवाय माणशी दर रात्रीचा प्रवासी कर असतो. तो दाखवलेल्या भाड्यात धरलेला नसेल तर हॉटेलवर वेगळा मागतात. त्यात फसवणूक काही नाही.

मुंबईहून थेट विमान पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरतं. तिथून लिऑनला जायला पॅरिस शहरात जाण्याची गरजच नाही. टर्मिनल २ लाच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, सुमारे दोन तासांत पार-दियला पोचते. विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत निदान तीन तास मधे ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नाही, आणि स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीपुरतं असतं. सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात, मग हात दाखवून उपयोग नाही.

पार-दियला उतरल्यावर दोन बाजू, आणि इथेच लोक चुकतात. पश्चिमेचं दार व्हिव्हिए-मेर्ल: मेट्रो बी, ट्राम टी १, आणि समोर पेन्सिलीच्या टोकासारखा मनोरा, त्याला लोकही ‘पेन्सिल’च म्हणतात. पूर्वेचं दार व्हिलेत: ट्राम टी ३, टी ४ आणि लिऑनच्या विमानतळाला जाणारी रोनएक्स्प्रेस. चुकीच्या दाराने बाहेर पडलात की सगळं सामान घेऊन स्टेशनातून परत उलटं यायचं. पार-दियहून बेलकूरला थेट मेट्रो नाही. बी लाइनने दोन स्टेशनं, साक्स-गाँबेताला उतरून डी लाइन, मग पुन्हा दोन स्टेशनं. पुढचं तिसरं जुनं लिऑन.

डी लाइनला ड्रायव्हर नाही, अगदी पुढे उभं राहून बोगदा बघता येतो. फलाटावर काचेची दारंही नाहीत. रुळांवर काही पडलं की सेन्सर गाडी थांबवतात, तेव्हा मुलांना कडेला वाकू देऊ नका. सी लाइन वेगळीच: दातेरी रुळांवर चालते, कारण क्रवा-रूसचा चढ साध्या चाकांना झेपत नाही. ती पकडायची ‘ओतेल द व्हिल’ला. हे हॉटेल नव्हे, महापालिका. वाटेत क्रवा-पाके स्टेशन येतं, त्याचा फलाटच सुमारे १७ टक्के उतारावर आहे, उभं राहिलं की तिरकं झाल्यासारखं वाटतं. तिथे लिफ्ट नाही. बॅग किंवा बाबागाडी असेल तर एक स्टेशन पुढे, क्रवा-रूसलाच उतरा आणि उताराने खाली या. घर चढाच्या मधोमध असेल तेव्हा हाच नियम: वरच्या स्टेशनावर उतरायचं, खालच्या स्टेशनावर चढायचं. दिवसभरात एकदाही चढ लागत नाही.

फुर्व्हिएरच्या बॅसिलिकाला, म्हणजे टेकडीवरच्या मोठ्या चर्चला, जायला जुन्या लिऑनच्या मेट्रो स्टेशनातून दोरावर ओढली जाणारी गाडी आहे, फ्युनिक्युलर. तिथून दोन निघतात. एफ २ थेट बॅसिलिकाच्या दारात सोडते, एफ १ मिनीमला, रोमन रंगमंदिरांच्या जवळ, आणि पुढे सँ-ज्युस्तला. फलाटावरची पाटी न वाचता समोर उभ्या असलेल्या गाडीत बसलं की टेकडीच्या चुकीच्या टोकाला पोचतो. शहाणपणाचा क्रम: एफ २ ने वर, बॅसिलिका, तिथून उताराने चालत रंगमंदिरं, मिनीमहून एफ १ ने खाली.

तिकीट एकच, टीसीएल या शहर वाहतूक सेवेचं: मेट्रो, ट्राम, बस, फ्युनिक्युलर सगळ्याला, दोन युरोच्या आसपास, एक तास चालतं. तासाच्या आत शेवटच्या गाडीत चढलेलं असलं पाहिजे, परतीचा प्रवासही चालतो. मात्र प्रत्येक वेळी चढताना मशीनला लावायचं, गाडी बदलली तरी. पैसे भरलेले असूनही न लावल्याबद्दल दंड होतो, आणि ‘माहीत नव्हतं’ कुणी ऐकत नाही. स्पर्शाने चालणारं बँक कार्डही मशीनला लावता येतं, पण त्यासाठी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून ठेवा. दिवसाला तीनपेक्षा जास्त फेऱ्या होणार असतील तर २४ तासांचा पास घ्यावा. तो दिवसावर नाही, पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणजे दुपारी काढला तर दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यात येते.

व्हेलोव्ह या भाड्याच्या सार्वजनिक सायकली २००५ पासून आहेत, पॅरिसच्याही आधीच्या. सायकलींच्या वेगळ्या पासवर पहिली तीस मिनिटं फुकट. पण अनामत म्हणून कार्डावर १५० युरो अडकवतात आणि बरीच भारतीय कार्डं तिथेच नाकारली जातात. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर सायकलीसारखं सुख नाही, टेकडीचा विचार करू नका.

तारखांचे दोन खड्डे आहेत. ८ डिसेंबरच्या सुमारास चार रात्री दिव्यांचा उत्सव असतो, तेव्हा हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात, दर काहीच्या काही चढतात आणि गर्दीमुळे मधली मेट्रो स्टेशनं संध्याकाळी बंद ठेवतात. दुसरा १ मे. आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन, आणि तिथे तो इतका मनावर घेतात की मेट्रो-बस जवळपास बंदच. त्या दिवशी मुक्काम बदलायचा नाही, दूरची सहलही ठेवायची नाही.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेलं घर सोयीचं. लिऑनच्या पारंपरिक खानावळींत, म्हणजे ‘बुशाँ’त, सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि निरागस दिसणाऱ्या पांढऱ्या ‘केनेल’मध्ये मासा. ‘सां व्हियांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करून ठेवा. दुपारी दोननंतर सातपर्यंत बहुतेक ठिकाणी चूल थंड. रविवारी बरीचशी दुकानं दुपारी एकच्या सुमारास मिटतात, तेव्हा दूध-ब्रेड-भाजी सकाळीच.

परतीचं विमान लिऑनच्या सँतेक्झुपेरी विमानतळावरून असेल तर रोनएक्स्प्रेस पार-दियहून अर्ध्या तासात पोचवते. टीसीएलचा पास तिला चालत नाही, तिकीट वेगळं आणि बरंच महाग. आणि दार व्हिलेतचं, पेन्सिलीच्या उलट बाजूचं.