फॉर्मही मीच भरला होता

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायला एवढी गर्दी व्हायची, की मदतनीसबाईला लेकरांपर्यंत खिचडी न्यायला वाट सापडायची नाही. बाहेर पुढाऱ्यांच्या हसऱ्या फोटोंचा बॅनर. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नाही, या अटी २८ जूनच्या शासन निर्णयातच होत्या. पण हमीपत्रावर सही घेतली की झालं. वरून निरोप एकच, कुणी राहता कामा नये.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत मी तीच घरं पुन्हा फिरले, हातात चारचाकीवाल्यांची यादी घेऊन.

निम्म्या दारांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. एका अंगणात बाभळीखाली जीप दिसली. मागची चाकं काढून विटांवर टेकवलेली, टपावर वाकळ वाळत घातलेली. जीप दिराची, रेशनकार्ड मात्र अजून एकच.

ती म्हणाली, “बाई, फॉर्म तुम्हीच भरला ना? तवा ही जीप इथंच हुती की!”

खरंच होती. मी तिच्याच बोनेटवर फॉर्म ठेवून सही घेतली होती.

“आता दिलेले परत घेत्यात का?” तिचा आवाज बारीक झाला. परत घेणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं होतं. तेवढंच मला ठामपणे सांगता आलं.

खऱ्या अपात्र बाईला पैसे मिळू नयेत, हे मलाही पटतं. पण ही तपासणी मतदानाआधी का नाही केली? पैसे जमा झाले तेव्हा तालुक्याच्या मेळाव्यात गाड्या भरभरून बायका नेल्या, पुढाऱ्यांनी राख्या बांधून घेतल्या. नावं कापायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातलं कुणी गावात फिरकलं नाही. मला पाठवलं. याचा मला अजून राग आहे.

आत जाऊन दोन्ही चुली पाहिल्या आणि ‘दीर विभक्त’ असं लिहिलं. त्यावर वर काय होणार, ते माझ्या हातात नव्हतं.

निघताना तिनं विचारलं, “आन् पंधराशेचे एकवीसशे कधी हुणार?”

प्रचारात गावोगाव सांगितलेला आकडा. मी खाली बघून चप्पल घातली. यादीत अजून अकरा घरं होती.